पुण्याची गाडी इंदूरला आणलीत? नंबर आणि इन्शुरन्सचं आधी हे बघा

दोन वर्षांपूर्वी नोकरीमुळे आम्ही पुण्याहून इंदूरला आलो, गाडी अर्थातच एमएच १२. तेव्हापासून टिळक नगरात, सुदामा नगरात कुणी नवीन मराठी कुटुंब आलं की पहिला प्रश्न हाच असतो, गाडीचं काय करायचं. म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवतेय.

आल्या आल्या घाबरून आरटीओत पळायची गरज नाही. दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवणार असाल तर तिथला नंबर घ्यावा लागतो, मोटर वाहन कायदा १९८८ चं कलम ४७. त्याआधी वर्षभरात परत जाणार असाल तर जुना नंबर चालतो. फक्त गाडी इथे कधी आली त्याचा पुरावा जपून ठेवा, ट्रकवर चढवून आणली असेल तर बिल्टी म्हणजे ट्रान्सपोर्टवाल्याची पावती, स्वतः चालवत आणली असेल तर टोलच्या एन्ट्री, शिवाय भाड्याचा करार.

कायमचे येणार असाल तर मात्र एनओसीचं, म्हणजे ना-हरकत प्रमाणपत्राचं काम पुणे सोडायच्या आधी उरकून घ्या, हे मी अगदी कळकळीने सांगते. एनओसी जुन्या आरटीओकडूनच मिळते, फॉर्म २८ वर, आणि त्यावर चेसिस नंबरचा पेन्सिलने उठवलेला ठसा लागतो, म्हणजे गाडी समोर हवी. अर्ज परिवहनच्या पोर्टलवर भरायचा, पण आरसीला लागलेला मोबाईल नंबर जुना असेल तर ओटीपीच येत नाही आणि तिथेच गाडं अडतं, तो आधी बदला. बाकी असलेले चलन भरून टाका. लोन चालू असेल तर बँकेची संमती लागते, आणि बँकेचं पत्र यायला वेळ लागतो म्हणून ते सगळ्यात आधी मागा.

इंदूरचं आरटीओ नायता मुंडल्याला आहे, शहराच्या एका टोकाला, त्यामुळे सकाळी लवकर निघा. इथे फॉर्म २७, एनओसी, मूळ आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, इथल्या पत्त्याचा पुरावा आणि गाडीची तपासणी. मध्य प्रदेशचा रोड टॅक्स पुन्हा भरावा लागतो, तेव्हा जरा जीवावर येतं कारण पुण्यात आपण एकरकमी भरलेला असतो. पण उरलेल्या वर्षांच्या टॅक्सचा रिफंड मागता येतो. त्यासाठी एमपी ०९ ची नवीन आरसी आणि इथली टॅक्सची पावती हातात आली की पुण्याच्या आरटीओत अर्ज करायचा. बरेच जण कंटाळून सोडून देतात, तसं करू नका, आपलेच पैसे आहेत.

ज्यांची बदली दर दोन-तीन वर्षांनी होते त्यांनी बीएच सिरीजचा, म्हणजे राज्याच्या अक्षरांऐवजी 'बीएच' (भारत) असलेल्या नंबरचा विचार करावा. ती २०२१ मध्ये सुरू झाली, सरकारी नोकरांना मिळते आणि ज्या खासगी कंपनीची ऑफिसं चार किंवा जास्त राज्यांत आहेत त्यांच्या लोकांनाही. नंतर जुन्या गाडीलाही बीएच घ्यायची सोय झाली. मग राज्य बदललं तरी नंबर तोच.

आता इन्शुरन्स, माझा खरा मुद्दा. पॉलिसी भारतभर चालते म्हणून आम्ही निवांत राहिलो. नंबर बदलला, आरसी एमपी ०९ ची झाली, पॉलिसी एमएच १२ चीच. एजंट म्हणाला रिन्यूअलला बघू. मग पार्किंगमध्ये कुणीतरी मागून ठोकलं, दार आणि बंपर गेलं, क्लेम टाकला तर आरसी आणि पॉलिसीवरचे नंबर जुळेनात म्हणून फाईल अडकली आणि एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीत बदलाची नोंद, होईपर्यंत कितीतरी फोन करावे लागले. म्हणून नवीन आरसी आली त्याच दिवशी कंपनीला लेखी कळवा, नवीन नंबर आणि नवीन पत्ता दोन्हीचं एंडोर्समेंट मागा आणि सुधारित पॉलिसीची प्रत हातात येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. तुमचं थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचं) आणि ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं) वेगवेगळ्या कंपन्यांचं असेल तर दोन्हीकडे कळवायचं, हे हमखास विसरलं जातं. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, नंबर बदलल्याने जात नाही, तो तुमचा असतो, क्लेम न घेता पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत पोचतो.

प्रीमियम ठरवताना शहरांचे झोन धरतात, पुणे झोन ए मध्ये येतं, इंदूर झोन बी मध्ये, त्यामुळे ओन डॅमेजचा प्रीमियम इथे थोडा कमी बसू शकतो, रिन्यूअलचं कोटेशन आलं की झोन कुठला धरलाय ते तपासा.

राहिलं काय, तर नवीन नंबरची हाय सिक्युरिटी प्लेट बसवणं, पीयूसी नवीन नंबरवर घेणं, आणि फास्टॅग ज्या बँकेचा आहे तिथे नंबर बदलून घेणं. लायसन्स मात्र पुण्याचंच चालतं, ते देशभर वैध असतं.