नेपाळात मोफत चष्म्यांचं शिबिर घेताय? या चुका टाळा

नेपाळला जायला व्हिसा लागत नाही, लिपी आपलीच, भाषाही निम्मीशिम्मी कळते. त्यामुळे तिथलं नेत्रशिबिर म्हणजे घरचंच कार्य, असं इथून जाणाऱ्यांना वाटतं. मलाही वाटलं होतं. पूर्वेकडच्या डोंगरातल्या एका शाळेत पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत तो समज उतरला.

जुने चष्मे गोळा करून नेणं

सोसायटीत खोकं ठेवलं की महिन्याभरात भरतं. पण २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दानात आलेले २७५ चष्मे तपासले, तेव्हा वापरण्याजोगे निघाले फक्त ७ टक्के. काही ओरखडलेले, काही मोडके, आणि चांगले असले तरी ते एकाच माणसाच्या डोळ्यांसाठी बनवलेले: उजवा उणे दोन, डावा उणे साडेतीन, वर सिलिंडरचा, म्हणजे तिरका नंबर. अगदी तसाच दुसरा माणूस त्याच गावात भेटायचा म्हणजे लॉटरीच. त्यापेक्षा जवळचं बघायला +१.०० ते +३.०० नंबरांचे नवे रेडीमेड चष्मे न्या. दूरचा नंबर असेल त्याचं माप घ्या, चष्मा जवळच्या शहरातल्या दुकानातून बनवून घ्या आणि पैसे तुम्ही भरा. त्या दुकानदाराचा धंदा बुडवून आपण परत येणार, मग काच फुटली की लोकांनी जायचं कुठे?

वय लिहिताना

चाळिशीच्या नंबराचा पहिला अंदाज वयावरून बांधतात. एका बाईंनी जन्मसाल सांगितलं, २०२५. नोंदी घेणाऱ्या आमच्या पोरानं पेनच खाली ठेवलं. तिथे विक्रम संवत चालतो. साधारण ५७ वजा करा, म्हणजे १९६८.

पण अंदाज तो अंदाजच. पुस्तक धरतो त्या ४० सेंटिमीटरवर नंबर काढून आम्ही मोकळे झालो, आणि ढाका नावाचं नेपाळी कापड विणणाऱ्या त्याच बाई दुसऱ्या दिवशी चष्मा परत घेऊन आल्या. पुस्तकापेक्षा माग लांब असतो. नंबर कमी करून दिला तेव्हा धागा दिसला. तेव्हापासून आम्ही आधी विचारतो, ‘काम काय करता?’ आणि हातात तांदळाचं ताट किंवा सुईदोरा देऊन बघतो.

पुण्याहून नेलेला तक्ता

देवनागरी अक्षरांचा तक्ता तिथे चालेलच असं नाही. अनेक वृद्धांची भाषा लिंबू किंवा राई, आणि शाळेचं तोंड न पाहिलेलेही बरेच. उलटसुलट फिरवलेल्या इंग्रजी ‘E’चा तक्ता घ्या, बोटांनी दिशा दाखवता येते. पोरांसाठी दोन वेगवेगळे तक्ते ठेवा, कारण रांगेत उभी राहून ती शेवटची ओळ पाठ करतात! अंतर टेपनं मोजा. सहा मीटर म्हणजे किती, हे नजरेला कळत नाही. आणि नुसत्या मशीनच्या आकड्यावर मुलांना उणे नंबर देऊ नका. डोळे ताणून बघायची त्यांना सवय असते, डोळे सैल करणारे थेंब घालून तपासल्याशिवाय खरा नंबर कळत नाही.

पिनहोलची तपासणी वगळणं

सगळ्यांत महागात पडते ती ही चूक. बारीक छिद्रातून बघून अक्षर स्पष्ट झालं, तर बहुधा नंबरच आहे. झालं नाही, तर मोतीबिंदू, काचबिंदू किंवा पडद्याचा त्रास असू शकतो. अशा माणसाच्या नाकावर चष्मा ठेवला की तो वर्षभर डॉक्टरकडे जात नाही. म्हणून निघण्याआधीच ठरवा, त्याला कुठल्या रुग्णालयात पाठवायचं आणि गाडीभाडं कोण देणार. चांगली रुग्णालयं तिथे आहेत. काठमांडूचं तिलगंगा १९९४ पासून चालू आहे, आणि विराटनगर व लहान (हे गावाचं नाव) इथल्या नेत्ररुग्णालयांत तर बिहारमधले रुग्ण सीमा ओलांडून येतात. आपण मदत घेऊन कुठे निघालोय, हे एकदा नकाशावर बघावं!

चष्मा लावला की गरगरतं

आधी डावी-उजवी काच अदलाबदल झाली नाही ना, ते बघा. मग बाहुल्यांमधलं अंतर मोजा. सहा नंबरची काच पाच मिलिमीटर सरकली तरी डोळ्यांवर तीन प्रिझमचा (प्रकाश वळण्याचं माप) ताण पडतो. घरंगळत असेल तर नाकाच्या गाद्या जवळ वळवा. तिथे बसक्या नाकाची माणसं बरीच, आणि आपल्याकडच्या फ्रेम उंच नाकाच्या. आणि जवळचा चष्मा घालून कुणी उतरणीच्या पायऱ्या उतरत असेल, तर तो आधी काढायला लावा.

बाकी असार (आपला आषाढ) महिन्यात भातलावणीत कुणी येणार नाही, दसैंला, म्हणजे तिथल्या दसऱ्याला, तर नाहीच. परदेशी डॉक्टरांना नेपाळ मेडिकल काउन्सिलची तात्पुरती नोंदणी लागते, आणि चष्म्यांच्या खोक्यांसाठी भन्सारचे, म्हणजे जकातीचे कागद. हे दोन्ही तिथल्या संस्थेमार्फत आधीच करून घ्या.

उरलेले चष्मे आणि पाठवलेल्या रुग्णांची यादी गावच्या स्वास्थ्य स्वयंसेविकेकडे द्या, सोबत स्क्रूंची डबी आणि छोटा स्क्रूड्रायव्हर. आमचा स्क्रूड्रायव्हर माझ्याच पिशवीत राहिला होता. तीन तास उतरून आल्यावर बसस्टँडवर लक्षात आलं, मग वर जाणाऱ्या जीपवाल्याच्या हाती परत पाठवला.