एचटीटीपी स्टेटस कोड: वाचताना आणि देताना या चुका टाळा

ब्राउझरने काही मागितलं की उत्तरासोबत तीन आकडी स्टेटस कोड येतो. ४०४ म्हणजे सापडलं नाही, ५०० म्हणजे सर्व्हरकडे गडबड, एवढं बहुतेकांना पाठ असतं. घोळ होतो तो कोड नेमका कोणी पाठवला हे न बघता दुरुस्तीला हात घातला की. ब्राउझर आणि ॲप्लिकेशन यांच्यामध्ये सीडीएन (ठिकठिकाणी प्रती ठेवणारं जाळं), लोड बॅलन्सर (रिक्वेस्ट अनेक सर्व्हरमध्ये वाटणारा), रिव्हर्स प्रॉक्सी (ॲप्लिकेशनच्या पुढे बसलेला मध्यस्थ सर्व्हर) असे दोन-तीन थर सहज असतात आणि त्यातला कुठलाही थर आपल्या मनाने कोड परत पाठवू शकतो. मग ॲप्लिकेशनचे लॉग उपसत बसायचं आणि शेवटी कळतं की रिक्वेस्ट तिथवर पोहोचलीच नव्हती.

पानावरचा मजकूर वाचून कोड ठरवणे

पानावर ठळक अक्षरात ४०४ लिहिलेलं असलं तरी सर्व्हरने २००, म्हणजे ‘सगळं ठीक’, पाठवलेला असू शकतो. खरा कोड डेव्हलपर टूल्सच्या नेटवर्क टॅबमध्ये दिसतो. तिथे ‘प्रिझर्व्ह लॉग’ आणि ‘डिसेबल कॅशे’ या दोन्हींवर टिक करून पान रिलोड करा. प्रिझर्व्ह लॉग बंद असेल तर रिडायरेक्टच्या (दुसऱ्या पत्त्यावर वळवण्याच्या) आधीची ओळ पुसली जाऊ शकते, आणि बघायची असते नेमकी तीच.

टर्मिनलवरून कर्ल (रिक्वेस्ट पाठवणारी कमांड) वापरणाऱ्यांची एक ठरलेली चूक: फक्त हेडर (उत्तराच्या आधी येणाऱ्या माहितीच्या ओळी) दाखवणारा पर्याय दिला की कर्ल नेहमीच्या गेटऐवजी फक्त हेडर मागणारी हेड रिक्वेस्ट पाठवतो. काही ॲप्लिकेशन हेडला ४०५ (ही मेथड, म्हणजे रिक्वेस्टचा हा प्रकार, चालत नाही) देतात, गेट मात्र व्यवस्थित चालतं. त्यामुळे गेटच पाठवा, हेडर छापा आणि बॉडी (उत्तराचा मुख्य मजकूर) टाकून द्या.

कोड कोणाचा हे ओळखायला आधी ‘सर्व्हर’ आणि ‘व्हाया’ हे हेडर बघा. मग प्रत्येक थराच्या ॲक्सेस लॉगमध्ये तीच वेळ, तोच पत्ता शोधा. प्रॉक्सीकडे ओळ आहे आणि ॲप्लिकेशनकडे नाही, म्हणजे अडथळा मधेच आहे. शंका राहिलीच तर सर्व्हरवर लॉगिन करून प्रॉक्सीला वळसा घाला आणि थेट ॲप्लिकेशनच्या पोर्टवर रिक्वेस्ट मारा.

अनोळखी कोड दिसला तर गोंधळू नका. एचटीटीपीचं मानक असलेल्या २०२२ च्या आरएफसी ९११० नुसार क्लायंटने पहिला आकडा बघून तो त्या वर्गातल्या ‘००’ कोडसारखा धरायचा असतो. ४९७ माहीत नसेल तर तो ४०० समजा.

चूक झाली तरी २०० देणे

सगळ्यात जास्त नुकसान ही चूक करते, कारण ती माणसाच्या लक्षातच येत नाही. बॉडीत ‘सक्सेस: फॉल्स’ लिहायचं आणि वर कोड २०० द्यायचा, अशा एपीआय (प्रोग्रॅमना एकमेकांशी बोलायची सोय) ढिगाने आहेत. माणूस बॉडी वाचतो. कॅशे (उत्तरं साठवून ठेवणारा थर), मॉनिटरिंग आणि सर्च इंजिनचा बॉट आधी कोड बघतात. कॅशे ते चुकीचं उत्तर चांगलं समजून साठवतो आणि मॉनिटरिंगचा आलेख हिरवागार राहतो. न सापडलेल्या पानाला २०० मिळाला की गूगल त्याला ‘सॉफ्ट ४०४’ म्हणून बाजूला काढतं.

सिंगल पेज ॲपमध्ये (एकच एचटीएमएल फाइल, बाकी पानं जावास्क्रिप्ट बनवतं) हाच प्रकार वेगळ्या रूपात भेटतो. कुठलाही पत्ता आला तरी इंडेक्सची एचटीएमएल फाइल द्या, असा नियम प्रॉक्सीत लिहिलेला असतो. नवीन बिल्ड चढवल्यावर जुन्या जावास्क्रिप्ट फाइल नाहीशा होतात. ज्याच्याकडे जुनं पान उघडं आहे त्याचा ब्राउझर त्या फाइल मागतो आणि ४०४ ऐवजी २०० सोबत एचटीएमएल मिळतं. कन्सोलमध्ये ‘अनएक्स्पेक्टेड टोकन’ आणि पुढे ‘लहान आहे’चं चिन्ह दिसलं तर कोडमध्ये सिंटॅक्सची चूक शोधत बसू नका, ते चिन्ह एचटीएमएलच्या पहिल्या टॅगचं आहे. तो नियम फक्त पानांच्या पत्त्यांना लावा, ॲसेट्सच्या (स्क्रिप्ट, चित्रं अशा फाइलच्या) फोल्डरला खरा ४०४ द्या.

अपाचे या वेब सर्व्हरमध्ये एरर डॉक्युमेंटला (एररचं पान ठरवणाऱ्या सेटिंगला) एचटीटीपीपासून सुरू होणारा पूर्ण पत्ता दिला तरी मूळ कोड हरवतो: क्लायंटला ४०४ ऐवजी रिडायरेक्ट जातो. स्लॅशने सुरू होणारा स्थानिक पत्ताच लिहा.

कोड न तपासता पुढे जाणे

जावास्क्रिप्टमधलं फेच (रिक्वेस्ट पाठवणारं फंक्शन) ४०४ किंवा ५०० आल्यावर प्रॉमिस रिजेक्ट करत नाही, म्हणजे त्याला चूक मानत नाही. ते रिजेक्ट होतं नेटवर्क तुटलं किंवा ब्राउझरने उत्तर अडवलं तर. त्यामुळे कॅच (चूक पकडणारा भाग) लिहून निश्चिंत होऊ नका. रिस्पॉन्सची ‘ओके’ ही प्रॉपर्टी तपासा, ती २०० ते २९९ लाच खरी असते. पायथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीमध्येही रेझ फॉर स्टेटस (एररचा कोड असेल तर चूक दाखवणारं फंक्शन) स्वतः बोलवावं लागतं. शेल स्क्रिप्टमध्ये कर्ल ४०४ ला सुद्धा एक्झिट कोड शून्यच, म्हणजे ‘यशस्वी’, देतो. ‘फेल’ पर्याय लावला तर ४०० किंवा वरच्या कोडला २२ देतो. बॅकअपच्या फाइलमध्ये डेटाऐवजी एरर पेज साठत जातं ते यामुळेच.

घाईने ३०१ लावणे

३०१ हा कायमचा रिडायरेक्ट आहे आणि वेगळी मुदत दिली नसेल तर ब्राउझर तो आपल्या कॅशेत बराच काळ ठेवू शकतो. चुकीच्या पत्त्यावर लावलात तर सर्व्हरवर सुधारूनही लोक जुन्याच ठिकाणी जात राहतात. आधी ३०२ (तात्पुरता रिडायरेक्ट) लावून चाचणी घ्या, ठीक चाललं की मग ३०१ करा. फॉर्म किंवा एपीआयचा पोस्ट (डेटा पाठवणारी रिक्वेस्ट) वळवायचा असेल तर हे दोन्ही नकोत. ३०१ आणि ३०२ वर ब्राउझर पोस्टचा गेट करून टाकतात आणि बॉडी गळते. तात्पुरत्यासाठी ३०७, कायमसाठी ३०८ वापरा. त्यात मेथड आणि बॉडी जशीच्या तशी राहते.

‘टू मेनी रिडायरेक्ट्स’ आलं तर आधी एचटीटीपीएस तपासा. लोड बॅलन्सर एचटीटीपीएस उघडून आत साध्या एचटीटीपीने पाठवतो, ॲप्लिकेशनला वाटतं क्लायंटच साध्या एचटीटीपीने आला, ते पुन्हा एचटीटीपीएसकडे वळवतं आणि चक्र सुरू. लोड बॅलन्सरकडून ‘एक्स फॉरवर्डेड प्रोटो’ हेडर (क्लायंट एचटीटीपीने आला की एचटीटीपीएसने हे सांगणारं) पाठवा आणि ॲप्लिकेशनला त्यावर विश्वास ठेवायला सांगा.

४०१ आणि ४०३ ची गल्लत

तुम्ही कोण हे कळलं नाही तर ४०१; कळलं पण परवानगी नाही तर ४०३. क्लायंटने ४०१ वर टोकन (लॉगिन झाल्याची डिजिटल खूण) नवीन करायचं असतं, ४०३ वर नाही. उलटं दिलंत तर क्लायंट टोकन पुन्हापुन्हा नवं करत राहतो. स्थिर फाइलवर इंजिनएक्स या वेब सर्व्हरने ४०३ दिला तर बहुतेकदा फाइलची परवानगी ठीक असते आणि वरच्या एखाद्या फोल्डरला एक्झिक्यूटची परवानगी नसते. एरर लॉगमध्ये ‘१३: परमिशन डिनाइड’ दिसतं.

५०२, ५०३, ५०४ एकाच पारड्यात टाकणे

५०२ म्हणजे प्रॉक्सीला मागच्या सर्व्हरकडून धड उत्तर मिळालं नाही: प्रोसेस मेली, पोर्ट चुकला किंवा जोडणी अर्ध्यात तुटली. ५०४ म्हणजे वाट बघून प्रॉक्सी कंटाळला. इंजिनएक्सची वाचनाची डीफॉल्ट मुदत ६० सेकंद आहे, त्यामुळे बरोबर ६० व्या सेकंदाला ५०४ येत असेल तर शोधायचं मागची संथ क्वेरी. मुदत ३०० करून प्रश्न सुटत नाही, वर्कर (रिक्वेस्ट हाताळणाऱ्या प्रोसेस) अडकून पडतात. देखभालीसाठी ५०३ (सेवा तात्पुरती बंद) द्या आणि ‘रीट्राय आफ्टर’ हेडरमध्ये सेकंद लिहा.

सगळ्यात चिवट असतो अधूनमधून येणारा ५०२, जो ॲप्लिकेशनच्या लॉगमध्ये सापडत नाही. लोड बॅलन्सर रिकामी जोडणी ६० सेकंद धरून ठेवतो आणि मागचा सर्व्हर ती ५ सेकंदांत बंद करतो, असं असेल तर बंद होता होताच एखादी रिक्वेस्ट त्या जोडणीवर जाते. नोडच्या (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीच्या) अनेक आवृत्त्यांत कीप अलाइव्हची, म्हणजे रिकामी जोडणी धरून ठेवण्याची, डीफॉल्ट मुदत ५ सेकंदच आहे. मागच्या सर्व्हरची मुदत पुढच्यापेक्षा जास्त ठेवा, ६५ सेकंद केलीत तरी पुरते.

सरसकट पुन्हा प्रयत्न करणे

४२९ (फार जास्त रिक्वेस्ट आल्या) आणि ५०३ वर थांबून पुन्हा पाठवा, दरवेळी अंतर दुप्पट करत आणि त्यात थोडा यादृच्छिक फरक ठेवून. ४०० किंवा ४२२ वर, म्हणजे रिक्वेस्टच चुकीची असेल तर, तीच रिक्वेस्ट पुन्हा पाठवणं व्यर्थ. ५०४ आला म्हणजे मागे काम झालंच नाही असं धरू नका. पेमेंटचा पोस्ट आंधळेपणाने पुन्हा पाठवलात तर दोनदा पैसे कापले जाऊ शकतात. अशा ठिकाणी आयडेम्पोटन्सी की (तीच रिक्वेस्ट पुन्हा आली हे सर्व्हरला ओळखू देणारा क्रमांक) हवीच.

कॉर्सच्या लाल ओळीमागचा खरा कोड न बघणे

कन्सोलमध्ये कॉर्सची (दुसऱ्या साइटचं उत्तर वाचू द्यायचं का हे ठरवणाऱ्या ब्राउझरच्या नियमाची) तक्रार दिसते, म्हणून लोक कॉर्सची सेटिंग ढवळत बसतात. इंजिनएक्सचं ‘ॲड हेडर’ मात्र २००, २०४, ३०१ अशा ठरावीक कोडनाच हेडर लावतं. ५०० ला नाही. हेडर नाही म्हणून ब्राउझर उत्तर अडवतो आणि मूळ ५०० झाकला जातो. त्या ओळीच्या शेवटी ‘ऑलवेज’ लिहा, म्हणजे ५०० क्लायंटच्या कोडपर्यंत पोहोचतो. प्रीफ्लाइटचंही (खऱ्या रिक्वेस्टआधी ब्राउझर परवानगी विचारतो त्याचं) बघा: त्यासाठीच्या ऑप्शन्स रिक्वेस्टसोबत ब्राउझर टोकन पाठवत नाही, त्यामुळे लॉगिनची तपासणी तिच्या आड आली तर ४०१ मिळतो आणि खरी रिक्वेस्ट निघतच नाही. ऑप्शन्सला तपासणीच्या आधीच २०४ (ठीक, बॉडी नाही) देऊन मोकळं करा.