माल नेमका कुठे अडतो? उत्पादन नियोजनात नव्याने येणाऱ्यांसाठी

मुंबईतील छपाई आणि पॅकेजिंगच्या धंद्यात मी उत्पादन नियोजनाचे, म्हणजे कारखान्याच्या भाषेत पीपीसीचे काम करते. औषधांच्या गोळ्या ज्या लहान पुठ्ठ्याच्या खोक्यांतून दुकानात येतात, ते कार्टन आम्ही बनवतो. या विभागात नव्याने रुजू होणाऱ्या बहुतेक डिप्लोमाधारकांना आणि इंजिनिअरांना सुरुवातीला असे वाटते, की एकही मशीन रिकामे राहू न देणे हेच नियोजनाचे काम आहे. हा समज जितक्या लवकर सुटेल तितके बरे. सबंध कारखान्याचा वेग त्यातल्या सर्वांत तोकड्या टप्प्यावर ठरतो. त्या टप्प्यावर वाया गेलेला तास हा साऱ्या कारखान्याचा तास असतो, आणि इतरत्र वाचवलेल्या तासाने गाडीत एकाही खोक्याची भर पडत नाही. इस्रायली भौतिकशास्त्रज्ञ एलियाहू गोल्डरॅट यांनी १९८०च्या दशकात हा विचार ‘थिअरी ऑफ कन्स्ट्रेंट्स’ या नावाने पद्धतशीर मांडला. अडलेला टप्पा शोधा, आहे त्या साधनांत त्याचा पुरेपूर वापर करा, बाकीचे टप्पे त्याच्या चालीने चालवा, मग गरज पडल्यास त्याची क्षमता वाढवा, आणि तो मोकळा झाला की पुन्हा पहिल्यापासून शोध घ्या, असा त्यांचा क्रम आहे. हा क्रम पाठ करायला पाच मिनिटे लागतात; पाळायला मात्र चिकाटी लागते, कारण बहुतेक ठिकाणी चौथ्या पायरीपासून, म्हणजे नव्या मशीनच्या कोटेशनपासूनच सुरुवात केली जाते.

शोध शॉप फ्लोअरवर उभे राहून घ्यावा, संगणकावरच्या अहवालातून नव्हे. कार्टनचा प्रवास बोर्ड कटिंग, ऑफसेट छपाई, वॉर्निश किंवा लॅमिनेशन, पंचिंग (छापील शीट खोक्याच्या आकारात कापणे), पेस्टिंग (कापलेला पुठ्ठा दुमडून चिकटवणे), तपासणी आणि डिस्पॅच असा होतो. मुंबईतील औद्योगिक वसाहतींतल्या गाळ्यांमध्ये जागा इतकी अपुरी असते, की अडलेला माल लपून राहत नाही. पॅलेट पॅसेजमध्ये आणि लिफ्टच्या तोंडाशी येऊन उभे राहतात. मात्र ज्या मशीनपुढे ढीग आहे तेच मशीन दोषी, असे लगेच ठरवू नये. एखादा ढीग शाई वाळण्यासाठी थांबलेला असतो, दुसऱ्याची डाय, म्हणजे पंचिंगचा पात्यांचा साचा, दुरुस्तीला गेलेली असते, तर तिसऱ्याच्या रंगछटेला ग्राहकाची मंजुरी यायची असते. म्हणून वही घेऊन प्रत्येक पॅलेटजवळ जावे, तो कधीपासून आणि कशासाठी थांबला आहे ते लिहावे, आणि ही फेरी रोज ठरलेल्या वेळी करावी. काही दिवसांत एकच कारण पुन्हा पुन्हा समोर येऊ लागते. ते ज्या टप्प्यावरचे असेल, त्याच्या पुढच्या टप्प्यावरची माणसे मालाची वाट पाहत बसलेली दिसली, तर निदान पक्के होते.

या वहीचा आणखी एक उपयोग आहे. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक साधा नियम सांगतो, की कामात असलेल्या जॉबच्या, म्हणजे ऑर्डरच्या, संख्येला रोज पूर्ण होणाऱ्या जॉबच्या संख्येने भागले की एका जॉबला लागणारा सरासरी काळ मिळतो. फ्लोअरवर ६० जॉब असतील आणि रोज ५ बाहेर पडत असतील, तर आज आत सोडलेला जॉब सरासरी १२ दिवसांनी बाहेर येणार. विक्री विभागाने ग्राहकाला आठवड्याचा वायदा दिला असेल, तर तो पाळला जाणार नाही हे त्याच क्षणी कळते.

आमच्या धंद्यात अडचण बऱ्याचदा पंचिंगवर येते, त्यामुळे तेथील एक हिशेब सविस्तर सांगते. समजा मशीन ताशी ५,००० शीट पंच करते आणि जॉब २०,००० शीटचा आहे. चालण्याचे ४ तास आणि सेटिंगचे २, असे ६ तास झाले. तीन दिवसांत मशीनला ६० तास मिळत असतील, तर १० जॉब निघतात. वेग १० टक्क्यांनी वाढवला, तरी अकरावा जॉब पुरा होत नाही. सेटिंग एका तासावर आणले, तर १२ जॉब निघतात. आता त्या दोन तासांत काय घडते ते पाहा. ऑपरेटर मशीन थांबवतो, डाय स्टोअरमध्ये जातो, रॅकवरून हव्या त्या नंबरची डाय शोधतो, ती चेसमध्ये, म्हणजे डाय धरून ठेवणाऱ्या चौकटीत बसवतो, पहिली शीट काढून कुठे कट कमी बसला ते उजेडाकडे धरून पाहतो आणि तेवढ्या जागी खालून बारीक पट्टी लावतो. यातली पट्टी लावण्याची कामगिरी कसबाची आहे आणि तिला लागेल तो वेळ दिलाच पाहिजे. पण डाय शोधणे, तिचे ब्लेड आणि रबर तपासणे, दुसऱ्या चेसमध्ये ती आधीच बसवून ठेवणे ही कामे मागचा जॉब चालू असतानाच हेल्पर करू शकतो. जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांनी मशीन थांबवून करायची आणि चालू असताना करायची कामे वेगळी काढण्यावर जो भर दिला, तो हाच. त्याच बरोबर जेवणाच्या सुट्टीत बदली माणूस उभा करावा आणि छपाईतील खराब शीट पंचिंगच्या आधीच बाजूला काढाव्यात. जो माल पुढे नाकारलाच जाणार आहे, त्यावर या मशीनचा एक मिनिटही खर्च होऊ देऊ नये.

यापुढची पायरी सर्वांत अवघड आहे, कारण तिथे माणसांची समजूत घालावी लागते. पंचिंगला पेलेल तेवढाच माल छपाईने पुढे सोडायचा, म्हणजे कारखान्यातले सर्वांत महागडे चार रंगी मशीन अधूनमधून बंद ठेवायचे. कर्जाचा हप्ता भरणाऱ्या मालकाला ते पाहवत नाही, आणि त्यांची तगमग रास्त आहे. अशा वेळी सिद्धांत सांगू नयेत. पॅसेजमध्ये पडून असलेल्या छापील बोर्डात किती रक्कम अडकली आहे याचा कागद पुढे ठेवावा. पंचिंगपुढे थोडा माल राखीव असावा, पण त्याची मर्यादा जमिनीवर पट्टा आखून ठरवावी. बाकीचे टप्पेही शंभर टक्के भरू नयेत. कामे अनियमित येत असतील, तर रांगेच्या गणिताच्या साध्या नमुन्यानुसार ८० टक्के भार असलेल्या मशीनपुढे जॉबला स्वतःच्या कामाच्या सरासरी ४ पट वेळ थांबावे लागते, ९० टक्क्यांना ९ पट आणि ९५ टक्क्यांना १९ पट.

मुंबईत अडचणीची जागा ऋतूप्रमाणेही सरकते. पावसाळ्यात हवा दमट होते, शाई सावकाश वाळते आणि बोर्डाला बाक येतो. मग पंचिंग मोकळे असूनही माल छपाईनंतर अडतो. गणपतीत कोकणातले कारागीर गावी जातात, होळी आणि छठला उत्तरेकडचे. डाय सेटिंगचे काम एकाच माणसाच्या हातात असेल, तर त्याची रजा म्हणजे कारखान्याची रजा. म्हणून जूनपासूनच दुसरा माणूस त्याच्या हाताखाली तयार करावा. शहरात गर्दीच्या वेळी अवजड वाहनांवर निर्बंध असतात, तेव्हा डिस्पॅचची वेळही नियोजनात धरावी लागते.

शिक्षणाबद्दल थोडेसे. पवईची पूर्वीची नीटी, म्हणजे आताचे आयआयएम मुंबई, औद्योगिक अभियांत्रिकीसाठी ओळखली जाते, आणि अंधेरीला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंग आहे. संधी मिळाली तर जरूर शिकावे. नोकरीच्या पहिल्या महिन्यात मात्र स्टॉपवॉच खिशातून काढण्याआधी ऑपरेटरला त्याचे कारण सांगावे. आपले काम मोजले जाते आहे म्हणजे माणसे कमी होणार, अशी भीती फ्लोअरवर खोल असते, आणि घाबरलेला माणूस खरी वेळ कधीच दाखवत नाही. ‘‘मॅडम, वेळ डाय शोधण्यात जातो, ते पण लिहा,’’ असे ऑपरेटर आपण होऊन सांगू लागला, की त्याची माहिती कोणत्याही अहवालापेक्षा भरवशाची समजावी.

पंचिंग सुधारले की अडचण पेस्टिंगवर किंवा ग्राहकाच्या आर्टवर्क मंजुरीवर जाते. तेव्हा पंचिंगसाठी केलेले नियम तसेच चालू ठेवू नयेत: बदली माणूस पेस्टिंगला द्यावा, जमिनीवरचा पट्टा तिकडे आखावा, आणि मंजुरीच अडत असेल तर विक्री विभागातल्या एकाने रोज सकाळी ग्राहकाला फोन करण्याचे काम नावानिशी वाटून द्यावे.