उन्हाळ्यातील भुसा, दूध आणि मिथेन

इंदूर परिसरात गहू निघाला, की गोठे भुशाने भरतात आणि बरसीम हा हिरवा चाराही शेवटच्या कापणीला येतो. त्यानंतर पावसाळ्यापर्यंत अनेक गाई-म्हशी जवळजवळ नुसत्या भुशावर राहतात. त्याने दूध आटते हे प्रत्येक पशुपालक जाणतो. परंतु खाऊ घातलेल्या चाऱ्याचा काही भाग वायुरूपाने जनावराच्या तोंडावाटे उडून जातो, याकडे फारसे कोणी पाहत नाही.

रवंथ करणाऱ्या जनावराच्या मोठ्या पोटात सूक्ष्मजीव चारा आंबवतात आणि त्यातून सुटलेला हायड्रोजन व कार्बन डायऑक्साइड यांपासून काही विशिष्ट जीव मिथेन बनवतात, जो मुख्यतः ढेकरावाटे बाहेर पडतो. खाद्यातील एकूण ऊर्जेपैकी साधारण २ ते १२ टक्के ऊर्जा अशी जाते. रेषाळ, निकस चाऱ्यातून हायड्रोजन अधिक सुटतो. मका, ज्वारी यांच्या भरड्यातील पिष्ट आंबताना तो बराचसा तिथेच वापरला जातो. मात्र म्हणून भरडा एकदम वाढवू नये. पोटात आम्लता होऊन जनावर खाणेच सोडते.

भुसा टाकून देण्याची गरज नाही, तो सुधारता येतो. १०० किलो कोरड्या भुशासाठी ४ किलो युरिया सुमारे ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवावा, थराथराने शिंपडून भुसा पायाने दाबत जावे आणि प्लास्टिकच्या कापडाने हवाबंद झाकून २१ दिवस ठेवावा. गव्हाच्या भुशातील जेमतेम ३ टक्के प्रथिने यामुळे जवळपास दुप्पट होतात आणि तो अधिक पचतो. रोज लागेल तेवढाच काढून, वास उडेपर्यंत पसरून ठेवावा व आठवडाभरात हळूहळू सवय लावावी. सहा महिन्यांखालील वासरांना, तसेच घोड्यांना तो देऊ नये. आपल्या माळव्यात घरोघरी सोयाबीन असते, म्हणून हे आग्रहाने सांगावेसे वाटते: असा भुसा खाणाऱ्या जनावराला कच्चे सोयाबीन मुळीच घालू नका, कारण त्यातील विकर युरियाचे झपाट्याने अमोनियात रूपांतर करते आणि विषबाधा होते. भाजलेल्या सोयाबीनचा किंवा कारखान्यातील सोया पेंडीचा हा धोका राहत नाही.

विहिरीला पाणी असेल, तर थोड्या क्षेत्रावर मका आणि चवळी मिसळून पेरावी. ज्वारीची चरी, म्हणजे हिरव्या चाऱ्याची ज्वारी, पेरल्यास फुलोऱ्यापूर्वी, विशेषतः पाण्याच्या ताणात, कापून घालू नये. कोवळ्या ताटांत विषारी हायड्रोसायनिक आम्ल असते.

चांगले खाद्य मिळाले की जनावर जास्त खाते, त्यामुळे दिवसभराचा मिथेन कमी न होता कधी थोडा वाढेलही. परंतु दूध त्याहून अधिक वाढले, तर लिटरमागे मिथेन घटतो. म्हणून खाद्यबदल सुरू करण्याआधी आठवडाभर प्रत्येक जनावराचे दूध मोजून लिहून ठेवावे आणि महिन्याने पुन्हा मोजावे.