टॅबलेटवर हॉटेल चालवताय? मग या चुका टाळा

हॉटेल चालवायच्या गेममध्ये अडकलेलं कुणी टॅबलेट माझ्या हातात दिला की मी आधी किचन बघते. चित्र बहुतेक वेळा ठरलेलं असतं. बाहेर टेबलांची रांग, भिंतींना नवा रंग, दारात झुंबर, आणि आत पहिल्या दिवशी फुकट मिळालेली तीच शेगडी. वर तक्रार अशी की गेमच मुद्दाम अवघड केलाय, खरे पैसे घातल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. काही गेम तसे असतात, हे मान्य. पण माझ्याकडे येणारे बरेच जण घाईपायी अडकलेले असतात.

या गेमचे ढोबळ दोन प्रकार आहेत आणि आपण कुठला खेळतोय हे आधी ओळखायला हवं. एक बोटांचा: 'कुकिंग फीव्हर' (२०१४) किंवा 'कुक, सर्व्ह, डिलिशस' (२०१२) यांच्यासारखा, जिथे प्रत्येक ऑर्डर तुम्हालाच टॅप करून बनवावी लागते. दुसरा मांडणीचा: 'कॅफेटेरिया निप्पोनिका'सारखा, जिथे कुक आणि वेटर आपापले फिरतात आणि कामावर कोणाला घ्यायचं, मेनूत काय ठेवायचं, कुठली वस्तू कुठे मांडायची एवढं तुम्ही ठरवता. पहिल्यात हात चालला पाहिजे, दुसऱ्यात डोळा. दुसऱ्या प्रकारच्या गेममध्ये बसून स्क्रीनवर भराभर बोटं आपटणारे लोक पाहिले की मला वाईट वाटतं, कारण त्यांना खरा गेम दिसतच नाही.

टेबलं आधी, किचन नंतर

सगळ्यात जास्त हॉटेलं बुडवणारी चूक हीच. कस्टमर दारातून परत जाताना दिसतात, म्हणून माणूस टेबल विकत घेतो. आता ते परत जात नाहीत, आत येऊन बसतात आणि बसल्या बसल्या चिडतात. शेगडीवर एक पदार्थ व्हायला २० सेकंद लागत असतील तर मिनिटाला तीन ताटं बाहेर पडणार. मिनिटाला पाच जण येत असतील तर दर मिनिटाला दोन जण मागे राहणार. तुम्ही सहा टेबलं मांडा नाहीतर सोळा, ते दोन जण राहणारच. फक्त रांग दाराबाहेरून आत आली.

यामागचं गणित जुनं आहे आणि खऱ्या दुकानांनाही लागू पडतं. अमेरिकी संशोधक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम सांगतो की आत सरासरी किती माणसं असतील हे दोन गोष्टींच्या गुणाकाराने ठरतं: मिनिटाला किती येतात आणि प्रत्येक जण किती मिनिटं थांबतो. मिनिटाला तीन जण येतात आणि प्रत्येक जण चार मिनिटं बसतो, तर १२ खुर्च्या लागतील. तोच कस्टमर दोन मिनिटांत जेवून उठला तर सहा पुरतात. म्हणजे किचनचा वेग वाढवला की टेबलं न घेताच जागा रिकामी होते. हे एकदा डोक्यात बसलं की फर्निचरच्या दुकानाकडे बोट वळत नाही.

पण किचन म्हणजे फक्त शेगडी नव्हे. माझी भाची सुट्टीत आली होती. तिचा गेम मांडणीचा होता. दुसरी शाखा उघडलेली, रोज कॉइन कमी होत चाललेले. शेगडीचा धडा ती आधीच शिकली होती, त्यामुळे दुसरी शेगडी घेतली, दुसरा कुक ठेवला, तरी फरक शून्य. "मावशी, आता जेम टाकून तिसरा कुक घेऊ का?" असं तिने विचारलं. (जेम म्हणजे गेममधलं दुर्मीळ चलन.) मी तिला सांगितलं, काहीही दाबू नकोस, गेममधला एक पूर्ण दिवस नुसता बघ. सुरुवातीला तिला ते जमेना. बोट सारखं स्क्रीनकडे जात होतं, शेवटी तिने हात पाठीमागे बांधले.

मग दिसायला लागलं. दोन्ही कुक हातात पदार्थ घेऊन काउंटरपाशी उभे होते. वाढायला स्वच्छ प्लेटच नव्हत्या. भांडी धुणारा मुलगा एकच, आणि त्याचं सिंक मागच्या कोपऱ्यात. तोही फार मंद नव्हता. उष्ट्या प्लेट उचलून तो सिंककडे निघाला की वाटेत एक भलीमोठी कुंडी यायची. भाचीने ती सजावटीचे स्टार मिळतात म्हणून दोन टेबलांच्या मधोमध ठेवली होती. तो पोरगा दर वेळी त्या कुंडीला वळसा घालून, तीन टेबलांच्या मागून फिरून सिंकपर्यंत जायचा, आणि परत येतानाही तसाच. आम्ही कुंडी भिंतीला टेकवली आणि सिंक किचनच्या दाराजवळ आणलं. खर्च झाला नाहीच म्हटलं तरी चालेल. संध्याकाळच्या गर्दीत पहिल्यांदाच सगळी टेबलं वेळेवर रिकामी झाली, आणि दुसऱ्या कुकचीही गरज नव्हती हे तिचं तिलाच कळलं. त्याला तिने काढलं नाही, दुसऱ्या शाखेतून पहिलीत पाठवलं.

म्हणून माझी सवय अशी: कुठलंही अपग्रेड घेण्याआधी एक दिवस नुसता बघायचा आणि कोण रिकामं उभं आहे ते शोधायचं. रिकामा उभा असलेला माणूस दोषी नसतो, तो ज्याची वाट बघतोय तिथे घोळ असतो. वेटर उभे असतील तर किचन बघा, कुक उभे असतील तर प्लेट बघा, प्लेट पडून असतील तर वेटर बघा. मग एकच गोष्ट बदलायची आणि पुन्हा एक दिवस बघायचा. एका दमात पाच अपग्रेड घेणाऱ्याला कशाचा उपयोग झाला हे कधीच कळत नाही, आणि पुढच्या शाखेत तो तेच पाच पुन्हा घेतो.

बोटांच्या गेममध्ये हेच तत्त्व थोडं वेगळं लागतं. तिथे पदार्थाची किंमत वाढवणारं अपग्रेड आणि तो लवकर बनवणारं अपग्रेड शेजारी-शेजारी दिसतात, आणि नवशिका हमखास किंमतीवर जातो. मी आधी वेळ कमी करते, नंतर एका वेळी किती बनतात ते वाढवते, आणि किंमत शेवटी. चिडून निघून गेलेल्या कस्टमरकडून वाढीव किंमत मिळत नाही.

छोट्या पण रोजच्या चुका

पहिला कस्टमर येईपर्यंत हात बांधून बसू नका. लेव्हल सुरू होताच शेगड्या भरा.

मात्र, करपणारा पदार्थ ढिगाने करून ठेवू नका. तयार पदार्थ गरम ठेवायची सोय गेममध्ये असेल तर ती लवकर घ्या, दिसायला कंटाळवाणी असली तरी.

आधी आला त्याला आधी वाढायचं, हा हट्ट सोडा. ज्याच्या डोक्यावरची, संयम किती उरलाय ते दाखवणारी पट्टी लाल झालीय त्याला आधी वाढा. ऑर्डरमधलं एखादं पेय आधी दिलं तर बऱ्याच गेममध्ये पट्टी थोडी वर सरकते, तेवढ्यात बाकीचं तयार होतं.

मेनू फुगवू नका. दहा पदार्थ ठेवले की दहांचं सामान लागतं.

जेम टाकून टायमर संपवू नका. कालांतराने आपोआप होणाऱ्या गोष्टीवर दुर्मीळ चलन उधळणं हा या गेममधला सगळ्यात महाग शॉर्टकट आहे. जेम फक्त अशा वस्तूंसाठी ठेवा ज्या कॉइनने मिळतच नाहीत आणि एकदा घेतल्या की कायम राहतात.

टॅबलेटचं घड्याळ पुढे करून एनर्जी (खेळायला लागणारी, वेळेनुसार आपोआप भरणारी शक्ती) भरू नका. वेळ सर्व्हरवरून घेणाऱ्या गेममध्ये याचा काही उपयोग होत नाही. टॅबलेटवरून वेळ घेणाऱ्यांत घड्याळ परत मागे आणल्यावर टायमर लांबून बसतात. शिवाय तारीख चुकली की वेबसाइटची सुरक्षा प्रमाणपत्रं जुळत नाहीत आणि ब्राउझरपासून इतर ॲपपर्यंत सगळं कुरकुरायला लागतं.

'अमर्याद जेम'वाल्या बदललेल्या फायली कुठूनतरी उतरवून घेऊ नका. याबद्दल मला अजिबात सहानुभूती नाही. त्या फाइलला तुम्ही टॅबलेटची दारं उघडून देता, आणि अकाउंट बंद झालं की आधीची प्रामाणिक मेहनतही जाते.

टॅबलेट हातात धरून बोटांचा गेम खेळू नका. टेबलावर आडवा ठेवा आणि दोन्ही तर्जनी वापरा. हातात धरला की तळव्याची कड स्क्रीनला लागते आणि नेमका कचऱ्याचा डबा दाबला जातो. आयपॅडवर खालच्या कडेवरून बोट सरकलं की गेममधून बाहेर पडायला होतं. सेटिंगमधलं 'गाइडेड ॲक्सेस' चालू करून गेममध्ये ते सुरू केलं की स्क्रीन गेमवरच राहते. अँड्रॉइडवर त्यासाठी ॲप पिन करायची सोय आहे. आणि चार्जिंगला लावल्यावर स्क्रीन आपोआप टॅप व्हायला लागली तर गेमला दोष देण्याआधी चार्जर बदलून बघा. हलक्या दर्जाच्या चार्जरमधून येणाऱ्या विजेच्या गोंधळाने टचस्क्रीन फसते.

टॅबलेट मुलांच्या हातात जाणार असेल तर प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावा. पूर्वी आयपॅडवर एकदा पासवर्ड टाकला की पुढची १५ मिनिटं कितीही खरेदी बिनबोभाट व्हायची. मुलांनी अशा केलेल्या खरेदीवरूनच अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकहित जपणारी सरकारी संस्था) २०१४ मध्ये ॲपलकडून ग्राहकांना किमान ३.२५ कोटी डॉलर परत द्यायला लावले. आता सेटिंग आहेत, पण ती आपण लावावी लागतात.

जागा मोकळी करताना हॉटेल पुसणं

ही चूक गेमच्या बाहेर होते, म्हणून तिच्याबद्दल कुणी सावध करत नाही. आणि तिच्याइतकं रडवणारं दुसरं काही नाही.

आमच्या शेजारचे काका निवृत्तीनंतर असाच एक गेम खेळायचे. सकाळी चहाबरोबर एकदा, रात्री झोपण्याआधी एकदा. कधी पैसे घातले नाहीत, घाई केली नाही, एकेक काउंटर जपून वाढवला. एक दिवस टॅबलेटवर 'स्टोरेज भरलं' असा मेसेज आला. कुणीतरी सांगितलं, ॲपच्या माहितीत जाऊन 'क्लिअर' दाबा. अँड्रॉइडवर तिथे बटणं दोन असतात. 'क्लिअर कॅशे' तात्पुरत्या फायली काढतं, त्याने काही बिघडत नाही. 'क्लिअर स्टोरेज' किंवा 'क्लिअर डेटा' ॲपचं सगळंच पुसतं. काकांनी दुसरं दाबलं, कारण त्याच्यापुढचा आकडा मोठा होता. गेम उघडला तर समोर ट्युटोरियल, एक शेगडी आणि रिकामं हॉटेल.

ते माझ्याकडे आले तेव्हा "जाऊ दे गं, गेमच आहे" असं म्हणत होते, पण टॅबलेट खाली ठेवत नव्हते. मी पाहिलं तर गेम 'गेस्ट' म्हणून चालू होता. कुठल्याही अकाउंटला जोडलेला नाही. सपोर्टला लिहिलं, तर त्यांनी प्लेअर आयडी मागितला. तो गेममध्येच होता, आणि तो गेम गेलेला. मग आठवलं की नवीन काउंटर लागल्यावर काकांनी नातवाला स्क्रीनशॉट पाठवला होता. नातवाने तो शोधून परत पाठवला. चित्र मोठं करून पाहिलं तर डाव्या कोपऱ्यात, करड्या रंगात, अगदी बारीक अक्षरात आयडी होता. शून्य आहे की इंग्रजी ओ हे ठरवायला आम्हाला भिंग लागलं. तो पाठवल्यावर काही दिवसांनी हॉटेल परत आलं, कारण त्या गेमची प्रगती सर्व्हरवरही साठत होती. फक्त टॅबलेटवर साठवणाऱ्या गेममध्ये आयडी असूनही काही मिळालं नसतं.

म्हणून नवीन गेम घेतला की ट्युटोरियल संपताच, पहिलं टेबल घ्यायच्याही आधी, सेटिंगमध्ये जाऊन तो अकाउंटला जोडा. गूगल प्ले गेम्स, गेम सेंटर, ईमेल, जे असेल ते. आयडी एखाद्या वहीत लिहून ठेवा. 'नंतर करू' म्हणणाऱ्यांचंच हॉटेल जातं, कारण नंतर म्हणजे कधी हे त्यांनाही ठाऊक नसतं. आयपॅडवर जागा हवी असेल तर 'डिलीट ॲप'ऐवजी 'ऑफलोड ॲप' वापरा. आयओएस ११ पासून (२०१७) ही सोय आहे. ॲप निघून जातं, त्याचा डेटा टॅबलेटवरच राहतो आणि ॲप परत घेतलं की गेम तिथूनच सुरू होतो.

अकाउंट जोडलं तरी सर्व्हरवर चालणारा गेम कंपनी बंद करू शकते, हेही लक्षात असू द्या. फेसबुकवरचा 'रेस्टॉरंट सिटी' एके काळी घरोघरी चालायचा आणि २०१२ मध्ये बंद झाला. लोकांनी सजवलेली सगळी हॉटेलं त्याबरोबर गेली. मी अशा गेममध्ये पैसे घालू नका असं म्हणत नाही. चांगला गेम बनवणाऱ्यांना पैसे मिळायलाच हवेत. पण जे घालाल ते या महिन्याच्या खेळण्याचे समजून घाला.

अडकल्यावर पुढे ढकलत राहणं

एकच लेव्हल पुन्हा पुन्हा हरून, दर वेळी 'आणखी ३० सेकंद' विकत घेणारे पाहिले की मला त्यांचा टॅबलेट काढून घ्यावासा वाटतो. मागच्या, तीन स्टार मिळालेल्या लेव्हल पुन्हा खेळायला त्यांना कमीपणा वाटतो. बहुतेक गेममध्ये तिथेही कॉइन मिळतात. दोन-तीन जुन्या लेव्हल निवांत खेळा, त्या कॉइनमधून सगळ्यात मंद शेगडीचं वेळेचं अपग्रेड घ्या, मग अडलेल्या लेव्हलला परत या. तरीही हरलात तर त्या लेव्हलला पहिला कस्टमर कुठल्या पदार्थासाठी चिडून गेला तेवढंच लिहून ठेवा. पुढचं अपग्रेड त्याच पदार्थाचं घ्यायचं.