कोडिंग इंटरव्ह्यूची तयारी: स्ट्रिंग, अ‍ॅरे, गणित आणि एक उधारीची वही

पारोळा, अमळनेर, धुळ्याकडच्या पोरांचे मला अधूनमधून फोन येतात, "दादा, डीएसए (डेटा स्ट्रक्चर अन अल्गोरिदम) कुठून सुरू करू?" आणि मी सगळ्यांना तेच सांगतो की बाबा ग्राफ अन डायनॅमिक प्रोग्रॅमिंगच्या मागे आत्ताच लागू नको, फ्रेशरच्या पहिल्या राउंडला बहुतेक वेळा स्ट्रिंग (म्हणजे मजकूर), अ‍ॅरे (आकड्यांची रांग) आणि थोडं गणित एवढंच असतं, ते पक्कं कर. आता पक्कं कर म्हणजे नेमकं काय कर, हे फोनवर सांगत बसलं की अर्धा तास जातो, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आधी माझी फजिती ऐका. चाळीसगावहून महाराष्ट्र एक्सप्रेसच्या जनरल डब्यात बसून रात्रभर मोबाईलवर सोडवलेली उत्तरं वाचत पुण्याला गेलो होतो. लीटकोड या सरावाच्या साइटवर अडीचशे प्रश्नांपुढे हिरवी टिक होती, त्यातले निम्मे व्हिडिओ बघून सोडवलेले. इंटरव्ह्यूत प्रश्न आला एकदम साधा: स्ट्रिंग दाबून लहान करा, म्हणजे 'कककममप' दिलं तर 'क३म२प१' परत द्या. मी पाच मिनिटात कोड लिहिला आणि खुश. समोरचे म्हणाले, कागदावर चालवून दाखवा. चालवलं तर उत्तर आलं 'क३म२'. शेवटचा 'प' गायब! अक्षर बदललं की मागचा गट उत्तरात टाकायचा असं मी लिहिलं होतं, पण 'प' नंतर बदलायला अक्षरच नाही, लूप (एकेक अक्षर बघत जाणारा कोड) संपला आणि 'प' तसाच राहिला. लूपच्या बाहेर एक ओळ हवी होती, बस. ती मला तिथे बसून सापडली नाही, कारण हाताने कोड चालवायची सवयच नव्हती.

वही घाला

आमच्या अप्पांचं गावात किराणा दुकान आहे आणि त्यांचा उधारीच्या वहीचा नियम एकच, पैसे हातात आले की नाव खोडायचं, "उद्या देतो" म्हटल्यावर नाही. मी तोच नियम प्रश्नांना लावला. उत्तर बघून सोडवलेला प्रश्न म्हणजे उधारी. वहीत प्रश्नाचं नाव, तारीख आणि कुठे अडलो ते एका ओळीत ("शेवटचा गट विसरलो", "रिकामी स्ट्रिंग आली तर फुटतो" असं). तीन दिवसांनी तोच प्रश्न कोऱ्या पानावर, काही न बघता. जमला तर दहा दिवसांनी परत एकदा, आणि तेव्हाही जमला तरच नाव खोडायचं. दिवसाला दोन नवे आणि एक उधारीचा, एवढंच. रोज दहा करणारे मी लय पाहिले, आठवड्यात दम तुटतो.

कीबोर्डला हात लावायच्या आधी

प्रश्न आधी आपल्या भाषेत स्वतःला सांगा. हे प्रश्न गोष्टीत गुंडाळलेले असतात, गोष्ट सोलली की आत तेच चार-पाच प्रकार निघतात. मग विचारा की इनपुट किती मोठं आहे, रिकामं असू शकतं का, ऋण संख्या येतील का, एकच घटक असेल तर काय. आणि मग एक छोटं उदाहरण कागदावर हाताने सोडवा, हात जे करतो तेच पुढे कोडमध्ये उतरवायचं असतं.

स्ट्रिंग

पहिल्या आठवड्यात हे घ्या: उलटी करणे, पॅलिंड्रोम (दोन्हीकडून सारखाच वाचता येणारा शब्द), अ‍ॅनाग्राम (तीच अक्षरं, क्रम वेगळा), पहिलं न दुहेरी झालेलं अक्षर, वाक्यातले शब्द उलटे करणे, आणि वरचा माझा दाबायचा प्रश्न. यातले निम्मे तर नुसत्या मोजणीवर सुटतात. 'कमल' आणि 'कलम' अ‍ॅनाग्राम आहेत का? दोन्हीतली अक्षरं मोजा, मोजणी जुळली की झालं, सॉर्ट करायचीही गरज नाही.

स्ट्रिंग म्हणजे खरं काय हे मला एका गमतीने कळलं. मी पॅलिंड्रोमचा कोड मराठी शब्दांवर चालवला. 'कनक' दिला, बरोबर आला. 'नवजीवन' दिला तर म्हणे नाही. अरे, दोन्हीकडून सारखा वाचता येतो की! लांबी काढली तर पायथन म्हणतो ६, आणि आपल्याला दिसतात पाच अक्षरं. कारण 'जी' आपल्यासाठी एक अक्षर असलं तरी कॉम्प्युटरसाठी 'ज' वेगळा आणि त्याची वेलांटी वेगळी, दोन कोड आहेत. उलटं केलं की ती वेलांटी 'ज' ला सोडून शेजारच्या 'व' ला जाऊन चिकटते. इंटरव्ह्यूत बहुतेक वेळा इंग्रजी छोटी अक्षरंच असतात त्यामुळे हा घोळ तिथे होत नाही, पण स्ट्रिंग म्हणजे अक्षरं नाहीत, ओळीने ठेवलेले आकडे आहेत, हे एकदा डोक्यात बसलं की स्ट्रिंगचे प्रश्न अ‍ॅरेसारखेच दिसायला लागतात.

जावा आणि पायथनवाल्यांनी एक लक्षात ठेवा, तिथे स्ट्रिंग जागेवर बदलता येत नाही. लूपमध्ये प्लस करत राहिलात तर दर वेळी नवीन स्ट्रिंग तयार होऊ शकते, त्यापेक्षा तुकडे लिस्टमध्ये साठवून शेवटी जोडा, जावात स्ट्रिंगबिल्डर वापरा.

अ‍ॅरे, इथे जास्त वेळ द्या

टू सम हा लीटकोडवरचा पहिल्या नंबरचा प्रश्न, आणि तो नीट समजला तर हॅशमॅप (लिहून ठेवलेलं झटकन शोधायची सोय) समजला. समजा आकडे आहेत ४०, १५, ७०, २५, ८५ आणि त्यातल्या दोघांची बेरीज हवी १००. प्रत्येकाची प्रत्येकाशी जोडी लावून बघितली तर पाच आकड्यांना चालेल, पण एक लाख आकडे असले तर जवळपास ५०० कोटी जोड्या होतात, बसा मग चहा पीत. त्याऐवजी एकेक आकडा बघत चला आणि विचारा, माझा जोडीदार आधी येऊन गेला का? ४० ला ६० हवा, नाही आला, ४० लिहून ठेवा. १५ ला ८५, नाही. ७० ला ३०, नाही. २५ ला ७५, नाही. ८५ ला १५ हवा, तो तर आधीच लिहिलेला, जागा १ आणि ४. एका फेरीत काम. (जागा शून्यापासून मोजायच्या, इथे पण पोरं घसरतात.)

दुसरा प्रश्न शेअर विकत घेऊन विकायचा, एकदाच घ्यायचं एकदाच विकायचं, नफा जास्तीत जास्त. आपल्याकडे कापूस घरात भरून भावाची वाट बघणाऱ्यांना हा समजवावा लागत नाही. भाव धरा ७१००, ६९००, ७२५०, ७०५०, ७४००. चालता चालता आत्तापर्यंतचा सगळ्यात कमी भाव लक्षात ठेवा आणि आज विकलं तर किती सुटेल ते बघा. कमी भाव ६९००, शेवटच्या दिवशी ७४००, नफा ५००. चूक कुठे होते, तर पोरं सरळ सगळ्यात मोठ्यातून सगळ्यात छोटा वजा करतात. छोटा भाव नंतर आला असला तर? आधी विकून मग घेता येत नाही ना भो.

हे दोन जमले की दोन पॉइंटर, स्लायडिंग विंडो, प्रीफिक्स सम आणि कडानेचा अल्गोरिदम या पद्धती याच क्रमाने घ्या. प्रत्येकाचे चार-पाच प्रश्न पुरतात.

गणित

याला घाबरायचं कारण नाही, दहावीच्या पलीकडचं क्वचितच असतं. आणि आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणला तर भास्कराचार्यांच्या नातवाने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला होता, १२०७ सालचा शिलालेख आहे तिथे, त्यामुळे खान्देशी माणसाने "माझं गणित कच्चं" म्हणूच नये.

तीन गोष्टी करा. एक, आकड्याचे अंक सुटे करणे: दहाने भागून बाकी घेतली की शेवटचा अंक, भागाकार घेतला की उरलेला आकडा. याच्या सरावाला देवळालीच्या कापरेकर मास्तरांचा ६१७४ घ्या. चार अंकी संख्या, सगळे अंक सारखे नकोत, उतरत्या क्रमातून चढता वजा करत जा. ३५२४ घेतला तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४, आणि पुढे तोच येत राहतो. जास्तीत जास्त सात पायऱ्या लागतात, तुमच्या कोडला आठ लागल्या तर कोड चुकलाय.

दोन, मसावि: २५२ आणि १०५. मोठ्याला लहानाने भागा, बाकी ४२, मग १०५ ला ४२ ने बाकी २१, मग ४२ ला २१ ने बाकी शून्य, उत्तर २१. तीन, मूळ संख्या तपासताना वर्गमुळापर्यंतच जायचं, आणि १ मूळ नाही हे विसरायचं नाही.

खड्डे दोन. जावा आणि सी प्लस प्लसमध्ये साधा इंट २१४७४८३६४७ ला संपतो, आकडा उलटा करायच्या प्रश्नात मुद्दाम तिथेच पकडतात. आणि उणे ७ ला ३ ने भागल्यावर पायथन बाकी २ देतो, जावा उणे १ देतो.

बोलून सराव

हे सगळ्यात जास्त टाळलं जातं. घरात कोणाला तरी समोर बसवा, कोडिंग येत नसलं तरी चालतं, उलट बरंच. मी बहिणीला दुकानातल्या रद्दी कागदावर चौकोन आखून दिले, एका चौकोनात चालू अक्षर, दुसऱ्यात मोजणी, तिसऱ्यात उत्तर, आणि मी कोडची ओळ वाचणार, ती चौकोनातला आकडा खोडून नवीन लिहिणार. आधी मराठीत समजावलं, मग तेच मोडक्यातोडक्या इंग्रजीत. पुण्याहून परत आल्यावर पहिल्यांदा तो दाबायचाच प्रश्न घेतला, जुना कोड, जसाच्या तसा. लूप संपला, मी म्हटलं झालं. ती कागदाकडे बघत बसली आणि म्हणाली, "भाऊ, शेवटना प कोठे गया?"