घरातल्या फजित्या: निस्तरताना या चुका टाळा

आमच्या नात्यागोत्यात काहीही सांडलं, चिकटलं, अडकलं किंवा भलत्याच माणसापर्यंत पोचलं की फोन मला येतो. मी याचा कुठला कोर्स केलेला नाही. पन्नाशी उलटली आहे आणि यातले बहुतेक उद्योग मी स्वतः करून बसले आहे, एवढीच काय ती पात्रता. तक्रार एकच आहे, फोन उशिरा येतो. काही बिघडलं की माणूस आधी ते गुपचूप नीट करायला बघतो, त्यात आणखी दोन गोष्टी बिघडतात, आणि मग "ताई, एक विचारायचं होतं" असा निरागस फोन येतो. 'एक' म्हणजे किमान तीन, हे मला आता आवाजावरूनच कळतं.

तेव्हा खालच्या बहुतेक चुका दोन नंबरच्या आहेत. पहिली चूक होतेच, तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. कप फुटायचाच असतो. मी बोलतेय ते फुटलेला कप सोफ्याखाली सरकवणाऱ्यांबद्दल.

सुपरग्लू हातात घेऊन घाई करणं

माझा धाकटा भाऊ एका दुपारी बाबांच्या चष्म्यावर बसला. उठून बघतो तर काडी एकीकडे, चष्मा दुसरीकडे. बाबा आत झोपले होते. त्यांना उठवून "बाबा, चष्म्यावर बसलो" एवढं सांगितलं असतं तर दोन मिनिटं बोलणी खाऊन विषय संपला असता. पण नाही. याने सुपरग्लूची ट्यूब शोधली.

ट्यूबचं तोंड सुकलेलं. टाचणी घालून उघडलं. थेंब येईना म्हणून दाबलं, तरी येईना म्हणून आणखी दाबलं, आणि मग जो आला त्याला थेंब म्हणता येणार नाही. डाव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि चष्म्याची काडी एकजीव झाली. मग पुसायला घेतला कापूस.

इथे थोडं शास्त्र. या गमात सायनोअ‍ॅक्रिलेट असतं. ते हवेवर वाळत नाही, ओलावा लागला की घट्ट होतं. कातडीवर ओलावा कायम असतो, म्हणून तुटलेली वस्तू राहते बाजूला आणि बोटं आधी चिकटतात. कापसावर किंवा लोकरीवर हा गम पडला तर तो इतक्या झपाट्याने घट्ट होतो की त्यातून उष्णता निघते, चटका बसण्याइतकी. भावाला तो बसला. त्याच्या ओरडण्याने बाबा उठले.

पुढची दहा मिनिटं भाऊ हात पाठीमागे धरून भिंतीला टेकून उभा, आणि बाबा घरभर चष्मा शोधतायत. चष्मा नव्हता म्हणून त्यांना तो भावाच्या हाताला चिकटलेला दिसत नव्हता. उलट ते भावालाच म्हणाले, "नुसता उभा काय राहतोस, शोधायला लाग."

मला फोन आला तो याच्याही नंतर. तोवर त्याने वहिनीचं नेलपॉलिश रिमूव्हर ओतून घेतलं होतं. अ‍ॅसिटोनने हा गम सुटतो, हे खरं आहे. पण अ‍ॅसिटोन कितीतरी प्रकारचं प्लास्टिकही खातं, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. बोटं सुटली आणि फ्रेमची चकाकीही गेली. भरीस भर म्हणून गमाची वाफ काचांवर बसून पांढुरका थर आला होता. बाबांनी चष्मा घातला, खिडकीबाहेर पाहिलं आणि विचारलं, "आज धुकं पडलंय का रे?"

संध्याकाळी चादर झटकताना एक बारीकसा स्क्रू टपकन खाली पडला. काडी मोडलेलीच नव्हती.

आता माझी पद्धत सांगते. ट्यूब उघडण्याआधी वस्तू नक्की तुटली आहे की नुसती सुटली आहे, ते बघायचं. मग शेजारी कोमट साबणाच्या पाण्याचं भांडं ठेवायचं, आणि त्यानंतरच टोपण काढायचं. एक बारीक थेंब पुरतो, जास्त ओतलं तर घट्ट व्हायला उलट जास्त वेळ लागतो. बोटं चिकटलीच तर ओढायची नाहीत. पाण्यात बुडवून ठेवायची आणि हळूहळू चोळत, पेन्सिल फिरवल्यासारखी सोडवायची. राहिलेला पापुद्रा दोन-चार दिवसांत आपोआप पडतो. डोळ्याला किंवा ओठाला लागलं तर अ‍ॅसिटोनचा विचारसुद्धा नको, डॉक्टर गाठा. आणि चिकटवल्यावर तिसऱ्या सेकंदाला 'चिकटलं का' म्हणून ओढून बघणारे जे असतात, त्यांच्या हाती मुळात ट्यूब देऊच नका. आमच्या घरात असे तीन आहेत. त्यांची नावं मी घेत नाही, पण ते हे वाचणार आहेत.

तसं बघायला गेलं तर या गमाचं अख्खं चरित्रच फजितीचं आहे. १९४२ मध्ये बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधताना हॅरी कूवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हे रसायन सापडलं, आणि सगळ्यालाच चिकटतंय म्हणून त्यांनी ते बाजूला टाकलं. पुढे १९५१ मध्ये ईस्टमन कोडॅकमध्ये फ्रेड जॉयनर यांनी ते तपासायला म्हणून रिफ्रॅक्टोमीटर या महागड्या उपकरणाच्या दोन प्रिझमांमध्ये घातलं. प्रिझम जे चिकटले ते सुटेनात. जॉयनरनी ते लपवलं नाही, म्हणून १९५८ मध्ये हा गम बाजारात आला. माझ्या भावाने लपवलं, म्हणून बाबांना नवा चष्मा आला.

काही चुका, ज्यांवर मी जास्त बोलणार नाही

कपडे धुवायच्या मशीनची पावडर संपली म्हणून भांड्यांचं लिक्विड घालू नका. हाताने घासताना भरपूर फेस व्हावा म्हणूनच ते बनवलेलं असतं. माझ्या जावेने घातलं होतं. फेस दाराखालून बाहेर आला. तिची मुलं तो दिवस अजून सणासारखा आठवतात, म्हणून मी फार टाकून बोलत नाही.

लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात घुसळला की लोकरीच्या तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकून बसतात आणि स्वेटर आटतो. मग दोघांनी दोन टोकं धरून ओढायचं नाही. घरातलं सगळ्यात लहान माणूस शोधायचं.

पांढऱ्या कपड्यांत लाल मोजा गेला आणि सगळं गुलाबी झालं तर वाळत घालू नका, ओले असतानाच मोजा काढून पुन्हा धुवा. 'वाळल्यावर बघू' म्हणणाऱ्यांकडे आज गुलाबी बनियन आहेत.

अंगठी बोटात अडकली तर फिरवून फिरवून बोट सुजवू नका. हात थोडा वेळ डोक्याच्या वर धरा, बोट गार पाण्यात घाला, मग साबण लावा. बोट निळं पडायला लागलं तर अंगठीचा मोह सोडा आणि ती कापून घ्या.

या पुढच्या दोन गोष्टींत गंमत अजिबात नाही. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी ओतायचं नाही. गॅस बंद करायचा, धातूचं झाकण ठेवायचं, आणि कढई जागची हलवायची नाही. आणि ब्लीच व टॉयलेट क्लीनर 'जास्त स्वच्छ होईल' म्हणून एकत्र ओतायचं नाही. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो.

चुकीच्या ग्रुपवर मेसेज गेल्यावर धावाधाव करणं

ही माझी स्वतःची. नवऱ्याच्या आत्याबाई आमच्याकडे राहायला आल्या होत्या. मी माझ्या बहिणीला लिहिलं, "आत्याबाई अजून आठवडाभर आहेत म्हणे. मी आता कपाटात राहायला जाऊ का?" बहिणीला, असं मला वाटलं. तो गेला सासरच्या ग्रुपवर. ३४ माणसं, त्यात आत्याबाई, आणि बहीणसुद्धा, कारण लग्नात कोणीतरी तिलाही ग्रुपमध्ये घेतलं होतं.

चूक इथवर एकच होती. पुढच्या तीन मिनिटांत मी चार केल्या.

पहिली म्हणजे घाईघाईत मेसेज फक्त माझ्यापुरता डिलीट केला. तसं केलं की तो आपल्या फोनवरून जातो आणि इतर ३३ जणांकडे सुखाने राहतो. आपल्याला तो दिसतच नाही, त्यामुळे सगळ्यांसाठी डिलीट करायची वाटही बंद. डिसेंबर २०२२ पासून व्हॉट्सअ‍ॅपने अशा वेळी खाली काही सेकंद पूर्ववत करायची सोय दिली आहे. ते काही सेकंद मी डोळे मिटून 'वाचले बाई' म्हणण्यात घालवले.

दुसरी चूक, "हे एका मैत्रिणीबद्दल होतं" असा खुलासा टाकला. ज्यांनी मूळ मेसेज वाचला नव्हता, त्यांनी तो आता वर जाऊन वाचला. तिसरी, तो वर ढकलला जावा म्हणून सुप्रभाताची सात फुलं पाठवली. दुपारी चार वाजता. चौथी, बहिणीला फोन करून "काहीतरी कर" म्हणाले. तिने केलं. तिने माझ्याच मेसेजला उत्तर दिलं, "कुठलं कपाट?" आणि मूळ वाक्य पुन्हा सगळ्यात खाली, ठळक, येऊन बसलं.

मग शेजारच्या खोलीतून आवाज आला, "कपाटात जागा नाही गं. तूच माझ्या बॅगा ठेवल्यास तिथे."

सगळ्यांसाठी डिलीट करायला दोन दिवसांपेक्षा थोडा जास्त वेळ मिळतो, हे मला नंतर कळलं. मेसेज दुरुस्त करायचा असेल तर मात्र १५ मिनिटंच. म्हणजे चहूकडे धावण्याइतकी निकड कधीच नसते. फोन टेबलावर ठेवा, पाणी प्या, चष्मा लावा, मग बटण दाबा. आणि समोरच्याने वाचलंच असेल तर खुलासे लिहीत बसू नका, उठून त्यांच्यासमोर जा. मी गेले. मान खाली घालून बसले. आत्याबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी चिठ्ठ्या असायच्या. तुझ्या सासूबद्दल मी लिहिलेली चिठ्ठी तिच्याच हाती पडली होती." त्या चिठ्ठीत काय होतं ते मी इथे लिहिणार नाही, कारण सासूबाईही वाचतात. आत्याबाई मग तीन आठवडे राहिल्या.

तेव्हापासून सासरचा ग्रुप मी अर्काइव्हमध्ये ठेवते आणि बहिणीला सगळ्यात वर पिन केलंय. कुरकुर करायची असेल तर फोन करते, गच्चीवर जाऊन.

'जरा बरोबर करते' म्हणत केस कापत राहणं

मुलांचे केस घरी कापणाऱ्यांना माझा विरोध नाही. व्हिडिओ बघून कापणाऱ्यांना आहे. व्हिडिओतलं मूल हलत नाही. आपलं शिंकतं.

ओले केस ताणले जातात, त्यामुळे लांब दिसतात आणि वाळले की वर चढतात, कुरळे तर फारच. भुवईला टेकेल असं ओलं कापलेलं कपाळाच्या मध्यावर जातं. पण खरी गडबड तिथे नाही. एक बाजू खाली राहते, म्हणून ती कापायची, मग दुसरी खाली दिसते, म्हणून तीही. लोण्याचे दोन सारखे वाटे करणाऱ्या माकडाची गोष्ट आपण मुलांना सांगतो आणि कात्री हातात आली की तेच माकड होतो. माझ्या लेकीच्या बाबतीत मी पाच वेळा वाटे सारखे केले. शेवटी जे उरलं त्याला बट म्हणायचं की शेवाळ, यावर घरात दोन मतं होती. आणि फोटो काढायला दुसऱ्या दिवशी शाळेत बोलावलेलं.

केस महिन्याला साधारण सव्वा सेंटीमीटर वाढतात. तिरकी बट दोन-तीन आठवड्यांत डोळ्यांत भरेनाशी होते. माकडाने कापलेलीला चार महिने लागतात. म्हणून पहिल्या तिरक्या कापाला कात्री खाली ठेवा आणि शेजारच्या खोलीत निघून जा.

आणखी दोन

"बाबांना सांगू नकोस हं" असं चार वर्षांच्या मुलाला सांगू नका. बाबा दारात आल्या आल्या ते म्हणतं, "बाबा, मला तुम्हाला फुलदाणीचं काही सांगायचं नाहीये."

आणि 'जपून ठेवते' म्हणून वस्तू नव्या जागी ठेवू नका. आपण ती घाईत शोधणार असतो, आणि घाईत हात सवयीच्याच जागी जातो. मूर्ख वाटली तरी नेहमीचीच जागा चांगली. नवी जागा करावीच लागली तर मी ती कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेल्या कागदावर लिहिते. वहीत नाही, वही हरवते. सध्या त्या कागदावर असं आहे: जास्तीच्या किल्ल्या निळ्या डब्यात. निळा डबा वरच्या फळीवर. वरच्या फळीला पोचायचं स्टूल भावाकडे, पाय चिकटवायला नेलंय.